होलोंगापारची सकाळची पायी फेरी: ५ पैकी ५, पण मुक्काम करून जा

काझीरंगा-माजुलीच्या सहलीत आसाममधलं होलोंगापार गिबन अभयारण्य 'वाटेत तासभर' म्हणून उरकतात. आमच्या सहल कंपनीनेही दुपारी जेवणानंतरची वेळ ठेवली होती. बहिणीने आणि मी हट्टाने जवळच्या मरियानी गावी मुक्काम केला आणि उजाडताच फाटकाशी पोचलो. हुलॉक गिबन या झाडांवर राहणाऱ्या वानराचे नर-मादी जोडीने हाका देतात ते सकाळी. दुपारी नुसतं जंगल बघून परतावं लागण्याचीच शक्यता जास्त.

फेरी पायीच असते. बरोबर स्थानिक गाईड आणि बंदूकधारी वनरक्षक, कारण इथे हत्तीही आहेत. माझे सगळे गुण गाईडदादांना. वर बघण्याआधी ते खाली बघायचे, ताजी उष्टी फळं पडलीत का म्हणून. हाक आली की धावायचं नाही, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. एका गटाने मोबाईलवर गिबनची रेकॉर्ड केलेली हाक लावली, ती त्यांनी तिथल्या तिथे बंद करायला लावली. आपल्या हद्दीत परकं कुटुंब घुसलंय असं वाटून गिबन बिथरतात. फार बरं वाटलं मला.

मग उंच होलोंग झाडाच्या शेंड्यात ते दिसले: पांढऱ्या भुवयांचा काळा नर, फिकट तपकिरी मादी आणि तिच्या पोटाला बिलगलेलं पिल्लू. शेपूट नाही, नुसत्या हातांवर झोके घेत या झाडावरून त्या झाडावर. भारतातला हा एकमेव कपी, म्हणजे माकडांपेक्षा वेगळा, बिनशेपटीचा वानर (ape).

गाईडदादांनी रेल्वेमार्गही दाखवला. जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं, चहाच्या मळ्यांनी वेढलेलं हे जंगल, आणि त्याचेही ब्रिटिश काळापासून रुळांनी दोन तुकडे केलेत. गिबन सहसा जमिनीवर उतरत नाही, त्यामुळे फांद्या भिडत नाहीत तिथे त्याचा रस्ता संपतो. पलीकडच्या छोट्या तुकड्यातली कुटुंबं एकटी पडली आहेत. पूर्वी उभारलेला लोखंडी पूल त्यांनी काही आपलासा केला नाही. रुळांवर झाडांचीच कमान व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं. हा भाग टाळून फेरी संपवू देऊ नका, मुद्दाम दाखवायला सांगा.

नोव्हेंबर ते मार्च उत्तम. पावसाळ्यात जळवा असतात. कपडे मळकट रंगाचे घाला आणि दुर्बीण स्वतःची न्या.