‘द चोझन’ आणि आईचं मोठ्या अक्षरांचं बायबल

आमच्या घरी ‘द चोझन’ ही येशूच्या जीवनावरची मालिका पाहायची एक पद्धत पडून गेली आहे. आई तिच्या खुर्चीत, मांडीवर मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र. धाकटा भाऊ पलंगावर पाय लांब करून. रिमोट माझ्या हातात, कारण आम्ही मूळ इंग्रजीतच पाहतो आणि दर दोन-चार मिनिटांनी थांबवून आईला मराठीत सांगावं लागतं. आई ऐकून घेते आणि विचारते, “हे कुठं लिहिलंय?” मग तिघं मिळून शोधतो. तासाभराचा भाग संपायला कधी कधी दोन-अडीच तास लागतात. मागच्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, दोन सीझन झाले, या लेंटमध्ये पुढचे दोन. चार सीझन असे सावकाश पाहून झाल्यावर आता लिहिते आहे.

लिहायचं कारण म्हणजे मी नगरला बरीच वर्षं संडे स्कूल घेते, आणि पालक हमखास विचारतात, “बाई, हे मुलांना दाखवावं का? वचनाला धरून आहे ना?” वचन म्हणजे बायबलात लिहिलेलं, आणि या प्रश्नाला हो किंवा नाही एवढं उत्तर पुरत नाही.

आधी माहिती. डॅलस जेंकिन्स या दिग्दर्शकाची ही मालिका 2019 मध्ये सुरू झाली. पहिल्या सीझनसाठी हजारो सामान्य माणसांनी वर्गणी घातली आणि एक कोटी डॉलरहून जास्त रक्कम जमली. ॲपवर ती फुकट पाहता येते. जोनाथन रूमी येशूची भूमिका करतो. एकूण सात सीझन करायचं ठरलं आहे, त्यांपैकी प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शिष्यांसोबतच्या शेवटच्या जेवणाच्या, आठवड्याचा पाचवा 2025 मध्ये आला. पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच पडद्यावर मजकूर येतो. त्यात म्हटलं आहे की काही ठिकाणं आणि काळ एकत्र केले आहेत, काही पात्रं आणि संवाद नव्याने घातले आहेत, प्रेक्षकांनी शुभवर्तमानं, म्हणजे बायबलातली येशूच्या जीवनाची चार पुस्तकं, स्वतः वाचावीत. आईला मी तो मजकूर शब्दशः सांगितला. ती म्हणाली, “सांगून केलंय, हे बरं केलं.”

मी स्वतः येशूला चालता-बोलता पहिल्यांदा पाहिलं ते मामाच्या गावी, नेवासे तालुक्यात. अकरा-बारा वर्षांची असेन. चर्चसमोरच्या पटांगणात दोन बांबूंना पांढरा पडदा बांधला होता. जीपमधून प्रोजेक्टर आला, जनरेटर लांब लिंबाखाली ठेवला, तरी त्याची घरघर ऐकू येत होतीच. चित्रपट होता 1979 चा ‘जीझस’, मराठीत डब केलेला. हा चित्रपट दोन हजारांहून जास्त भाषांत डब झाला आहे, आणि तो जवळजवळ सगळा लूकच्या शुभवर्तमानावरच बेतलेला आहे. आईचा प्रश्न तिथे कधी आलाच नसता, कारण सगळंच लिहिलेलं होतं. आजी जमिनीवर बसून हात जोडून पाहत होती. खिळे ठोकताना बायका पदर तोंडाला लावून रडल्या. मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहून दादासाहेब फाळक्यांना आपल्या देवांना असंच पडद्यावर पाहण्याची ओढ लागली, हे मी पुढे वाचलं, तेव्हा मला आजीचे ते जोडलेले हात आठवले.

पण मोठेपणी तोच चित्रपट पुन्हा पाहिला तेव्हा जाणवलं की त्यातला पेत्र, येशूचा कोळी शिष्य, म्हणजे पेत्राची वाक्यं पाठ म्हणणारा माणूस आहे. त्याच्या घरात काय शिजतं, त्याच्यावर कोणाचं देणं आहे, सारी रात्र जाळी टाकून रिकाम्या हाती परतताना त्याच्या मनात काय येतं, यातलं काहीच कळत नाही. वचनाचं एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं नाही आणि तरी लूकच्या पाचव्या अध्यायातला तो थकवा पडद्यावर आलेला नाही.

2004 चा ‘द पॅशन ऑफ द क्राइस्ट’ मी थिएटरात पाहिला. त्यातली पात्रं अरामी आणि लॅटिन बोलतात, म्हणून लोकांना वाटलं की हेच अगदी खरं. मला तसं वाटलं नाही. शुभवर्तमानात फटक्यांसाठी जेमतेम एखादं वाक्य आहे. लिहिणाऱ्यांनी तिथं मुद्दाम थांबणं टाळलं आहे, आणि चित्रपट नेमका तिथंच थांबून राहतो, कितीतरी मिनिटं. रोमी सुभेदार पिलात याची बायको येशूच्या आईला, मरीयेला, कापड आणून देते आणि मरीया जमिनीवरचं रक्त टिपते, हा प्रसंग चारांपैकी एकाही शुभवर्तमानात नाही. ॲन कॅथरीन एमेरिक या जर्मन संन्यासिनीच्या दृष्टान्तांच्या पुस्तकातून तो आला आहे. यहूदी पुढाऱ्यांचं चित्रणही मला बोचलं, चेहरे पाहूनच राग यावा असं. पण त्याच चित्रपटात एक जागा आहे जी मी कधीही काढू देणार नाही. क्रूस घेऊन येशू पडतो आणि मरीयेला आठवतं की लहानपणी तो धावताना असाच पडला होता. ती तेव्हा धावली होती, आताही धावते. लिहिलेलं नाहीच. पण शिमोन मंदिरात मरीयेला सांगतो की तुझ्या जिवातून तरवार भोसकून जाईल, ते वचन त्या एका दृश्यात मला पहिल्यांदा कळलं.

म्हणून मी आता एवढंच पाहते की नवीन घातलेला प्रसंग मला पुन्हा वचनाकडे नेतो, की वचनाच्या आड येतो.

‘द चोझन’मध्ये दोन्ही प्रकार आहेत. आधी जे मनापासून आवडलं ते सांगते.

दुसऱ्या भागात मग्दालीया मरीया (येशूची आई नव्हे, त्याने भुतांपासून सोडवलेली बाई) शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथाचं, म्हणजे यहूद्यांच्या विश्रांतीच्या दिवसाचं, जेवण मांडते. नवखी आहे, हात थरथरतात, दिवे लावायचे, भाकर मोडायची, आशीर्वाद म्हणायचे. येशू पाहुणा म्हणून दारात येतो. हा प्रसंग कुठंच लिहिलेला नाही आणि तरी आईने काही विचारलं नाही. आपल्याकडे कोकणात बेने इस्रायली हे यहूदी लोक राहिले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. एवढ्या जवळ हा वारसा असून आम्ही ख्रिस्ती लोक येशू यहूदी होता हे उपासनेत कधी बोलत नाही. मालिका ते पहिल्या तासापासून बोलते. ‘पॅशन’नंतर याची फार गरज होती.

जकातदार शिष्य मत्तय इथं जरा वेगळा मुलगा आहे. नजर देत नाही, आकड्यांत रमतो, वस्तू सरळ रेषेत लावतो. पारस पटेलने ते काम इतकं जपून केलं आहे की कुठंही हसू येत नाही. मला आधी ही कल्पना ओढूनताणून आणलेली वाटली होती. मग आईने मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय उघडला, येशूची वंशावळ संपते तिथं. अब्राहामापासून दाविदापर्यंत चौदा पिढ्या, दाविदापासून बाबेलच्या बंदिवासापर्यंत चौदा, तिथून ख्रिस्तापर्यंत चौदा. “मोजणारा होताच की हा,” ती म्हणाली.

रात्री गुपचूप येशूला भेटायला येणारा यहूदी पुढारी निकदेम मात्र सगळ्यांवर मात करतो. त्याचं काम करणारा एरिक अवारी हा दार्जिलिंगला जन्मलेला नट आहे. रात्री गच्चीवर येशूशी बोलताना त्याच्या चेहऱ्यावर विद्वान माणसाचं हरणं आणि त्या हरण्याचा आनंद एकदम दिसतो. योहानाच्या तिसऱ्या अध्यायातलं संभाषण आम्ही लहानपणापासून पाठ केलेलं, सोळावं वचन तर झोपेतही म्हणू. पण प्रश्न विचारणाऱ्याला घर आहे, बायको आहे, मान आहे, हे कधी मनात आलं नव्हतं. पहिल्या सीझनच्या शेवटी शिष्य निघतात तेव्हा निकदेम भिंतीआड उभा राहून रडतो. जात नाही. मला ‘स्मृतिचित्रे’ आठवलं. 1895 मध्ये नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि लक्ष्मीबाईंची काही वर्षं त्यांच्यापासून वेगळी गेली, त्या वर्षांबद्दल त्यांनी जे लिहिलं आहे ते वाचलेल्या मराठी माणसाला ती भिंत ओळखीची वाटेल. आणि शुभवर्तमानातला निकदेम पुढे येतोच, येशूला पुरताना गंधरस आणि अगरू घेऊन, सगळे पळून गेल्यावर. त्या रात्री आम्ही योहानाचा एकोणिसावा अध्याय वाचून झोपलो.

आता बारा शिष्यांपैकी धाकटा याकोब. मार्कच्या पंधराव्या अध्यायात हे नाव फक्त ओळखीपुरतं येतं. मालिकेत तो लंगडतो. जॉर्डन वॉकर रॉस या नटाची चालच तशी आहे. तिसऱ्या सीझनमध्ये येशू बाराजणांना दोघादोघांनी पाठवतो, आजाऱ्यांना बरं करण्याचा अधिकार देतो. मग याकोब एकटा मागे थांबून विचारतो की मी इतरांना बरं करायचं, पण तू मला का बरं केलं नाहीस? येशू त्याला जवळ घेऊन सांगतो की बरं झालेल्या माणसाची गोष्ट चांगलीच असते, पण बरा न होताही जो देवाची स्तुती करतो आणि इतरांना बरं करायला निघतो, त्याची गोष्ट लोकांना फार काही सांगेल. कधीतरी तोही बरा होईल, असं वचनही देतो.

माझ्या भावाचा डावा पाय पोलिओचा आहे. तो सोळा वर्षांचा असताना आम्ही त्याला एका चंगाई सभेला नेलं. मंडपात हजारभर लोक. उपदेशकाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, प्रार्थना केली, पायाचं कॅलिपर काढायला लावलं आणि चालायला सांगितलं. तो दोन पावलांवर पडला. तेव्हा माइकवरून, सगळ्यांसमोर सांगितलं गेलं की मुलाचा विश्वास कमी पडला. घरी येताना एसटीत तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. पुढे बरीच वर्षं तो चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचा आणि प्रार्थनेसाठी पुढे बोलावलं की बाहेर जायचा.

तो प्रसंग संपल्यावर भाऊ म्हणाला, “ताई, परत लाव.” तीनदा लावला. आईने विचारलं नाही कुठं लिहिलंय म्हणून. तिने स्वतःच करिंथकरांस दुसरं पत्र काढलं, बारावा अध्याय, प्रेषित पौलाच्या शरीरातला काटा. पौलाने तो काढावा म्हणून देवाला तीनदा विनंती केली होती आणि काटा निघाला नव्हता. माझी एक मैत्रीण म्हणते की येशूकडे आलेल्या सगळ्यांना त्याने बरं केलं असं मत्तय लिहितो, मग हा प्रसंग वचनाविरुद्ध जातो. तिचं म्हणणं मी टाळत नाही. पण तो काटाही त्याच बायबलात आहे, आणि हा प्रसंग पाहिल्यावर आम्ही तो वाचला.

आणि याच मालिकेने चौथ्या सीझनमध्ये मला खरोखर दुखावलं. काना गावच्या लग्नात पुढे येशूचा शिष्य झालेल्या थोमासोबत रामाह नावाची तरुणी दाखवली होती. शुभवर्तमानात ती नाही. पुढे दोघांचं लग्न ठरतं. आणि एका गर्दीत रोमी अधिकाऱ्याच्या तलवारीने ती मरते, येशूच्या समोर. थोमा विनवतो की तिला उठव. येशू उठवत नाही. मग काही भागांनी मेलेला लाजर येशूच्या हाकेवर कबरेतून बाहेर येतो आणि थोमा कोसळतो.

नाट्य म्हणून जोरदार आहे, हे मान्य. पण याईराची मुलगी, नाईनच्या विधवेचा मुलगा, लाजर, येशू ज्या ज्या मेलेल्या माणसाजवळ गेलेला लिहिला आहे, ते ते माणूस उठलं आहे. प्रेताजवळ उभं राहून त्याने नाही म्हटलं, असं एकही पान नाही. याकोबाला नकार मिळाला त्याला पौलाचा आधार होता. इथं नकार मालिकेने लिहिला आणि येशूच्या तोंडी घातला. शिवाय येशू पुन्हा उठला यावर थोमाने घेतलेल्या शंकेला असलं कारण कशाला हवं? वधस्तंभावर गुरू मेलेला पाहणं पुरेसं नव्हतं का? आईने पुस्तक मिटून ठेवलं. “हे कुठंच नाही,” ती म्हणाली आणि आत गेली. पुढचा भाग आम्ही आठवडाभराने लावला.

तो रोमी अधिकारी, क्विंटस, मुळातच खटकतो. गालीलातल्या कफर्णहूमवर त्याचं राज्य असल्यासारखं दाखवलं आहे. गालील तेव्हा रोमच्या हाताखालचा शासक हेरोद अंतिप याच्या ताब्यात होता. लूकच्या तेविसाव्या अध्यायात पिलाताला येशू गालीलकर आहे असं कळतं, म्हणूनच तो त्याला हेरोदाकडे पाठवतो. थोडं लक्ष दिलं असतं तर ही चूक टळली असती.

पालकांसाठी सांगते. पहिला भाग लहान मुलांना दाखवू नका. मग्दालीया मरीयेवरचा भुतांचा पगडा भीतिदायक आहे. त्यांना तिसरा भाग दाखवा. तो छोटा आहे. येशू गावाबाहेर तळ ठोकून राहतो, लाकूडकाम करतो आणि आसपासची पोरं त्याच्याभोवती जमतात, इतकंच त्यात आहे. माझ्या वर्गातल्या मुलांना त्यात येशूला जखम दिसते ते फार आवडलं. “बाई, त्याला पण लागतं?” एकाने विचारलं. दहावीच्या पुढच्यांना पहिले तीन सीझन खुशाल दाखवा, बायबल हातात देऊन. चौथा मोठ्यांनी आधी स्वतः पाहावा.

पाचवा आम्ही अजून सुरू केलेला नाही. भाऊ रोज विचारतो. आईने योहानाच्या तेराव्या अध्यायात लाल फीत घालून ठेवली आहे आणि सांगितलं आहे की पाय धुण्यापासून प्रार्थनेपर्यंतचे पाच अध्याय आधी मोठ्याने वाचायचे, एका बैठकीत, मग टीव्ही लावायचा. रविवारी दुपारी वाचायला बसणार आहोत.