कॅम्पवर पंधरा-वीस जणांसाठी मासे तळायचे आहेत: बिडाचा तवा, लोखंडी तवा की कढई?

वीस माणसं आहेत म्हणून भला मोठा तवा, असा हिशेब बहुतेक जण करतात आणि तिथेच फसतात. तव्याचं माप आधी आगीच्या रुंदीवरून ठरवायचं, माणसं नंतर मोजायची. घरगुती प्रकारच्या शेगडीचा बर्नर तव्याचा मधला अठरा-वीस सेंटीमीटरचा भागच नीट तापवतो. त्यावर ४५ सेंटीमीटरचा तवा ठेवला तर मधल्या तुकड्यांचा रवा काळा पडतो आणि कडेच्या तुकड्या कोमट तेलात पाणी सोडत पडून राहतात. तोच तवा पसरलेल्या निखाऱ्यांवर ठेवला तर उत्तम चालतो. म्हणून दुकानात जाण्याआधी एवढं नक्की करा: आच कशाची, गॅसची की चुलीची?

गॅस घेऊन जाणाऱ्यांना सिलिंडर पुरेल का, ही धास्ती असते. ती नको. २ किलोवॅटचा बर्नर तासाला साधारण १६० ग्रॅम गॅस जाळतो, म्हणजे ५ किलोच्या सिलिंडरवर दोन बर्नर अख्खी संध्याकाळ चालतील. अडचण ज्योतीच्या रुंदीची आणि वाऱ्याची असते.

हिशेबासाठी सोळा माणसं धरू. माणशी दोन तुकड्या आणि वर चार, म्हणजे सुरमईच्या ३६ तुकड्या. दीड सेंटीमीटर जाडीची तुकडी ८०-९० ग्रॅम भरते, तेव्हा साफ केलेला मासा तीन किलोच्या आसपास लागेल.

बिडाचा तवा

घावन-आंबोळीचा जो जड, काळा, ओतीव लोखंडाचा तवा असतो, तो हा. ३० सेंटीमीटर व्यासाचा आणि ५ मिलिमीटर जाडीचा तवा अडीच किलो भरतो. हे वजन वाहून नेण्याचं कारण आहे. मासा तव्यावर पडला की त्यातलं पाणी तव्याची उष्णता ओढून घेतं. पातळ तवा त्या क्षणी थंड पडतो, कवच धरायच्या आत मांस धातूला चिकटतं, आणि उलटताना तुकडीचं साल तव्यालाच राहतं. ३० सेंटीमीटरचा बिडाचा तवा जेवढी उष्णता पोटात धरून ठेवतो, तिच्या निम्मीसुद्धा ३ मिलिमीटरचा नॉनस्टिक तवा धरत नाही. म्हणून बिडावर सहा गार तुकड्या एकदम टाकल्या तरी तो चुरचुर आवाज थांबत नाही. हा आवाज कान देऊन ऐका. तुकडी टाकल्यावर तो बसला आणि नुसती फसफस उरली, तर तवा कमी तापला होता.

पण बीड उष्णता हळू पसरवतं. मोठ्या आचेवर घाईनं तापवलं तर मध्यभाग धुरतो आणि कड गारच असते. मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं द्या, मधून एकदा तवा अर्धा फिरवा. तेल घातल्यावर रव्याचे चार दाणे टाकून बघा: लगेच बुडबुडे धरून नाचले की मासा टाकायचा, नुसते पडून राहिले तर थांबायचं, पडताक्षणी तपकिरी झाले तर आच कमी करून अर्धा मिनिट जाऊ द्यायचं.

एका तव्यावर एका वेळी सहा तुकड्या, म्हणजे ३६ तुकड्यांना सहा घाणे (खेपा). बाजूला चार मिनिटं, दोन्ही मिळून आठ, आणि तवा पुन्हा तापायला दोन. एक तास लागेल. दोन बर्नरवर दोन तवे लावले तर अर्धा तास. गॅसवर करायचं असेल तर आमचं स्पष्ट मत: एक मोठा तवा नको, २८ ते ३० सेंटीमीटरचे दोन बिडाचे तवे घ्या.

बिडाचं दुखणं एकच, पण मोठं. ते ठिसूळ असतं. खडकावर आपटलं की कान तुटतो, आणि तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतलं की तडा जातो. कॅम्पवर हे दुसरंच जास्त घडतं: जेवणं झाली, कोणीतरी मदत म्हणून गरम तव्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि तवा गेला. ज्या ग्रुपमध्ये भांडी घासायला रोज वेगळा हात लागतो, तिथे हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा.

लोखंडी तवा

चुलीवर करणार असाल तर हाच घ्या. ४५ सेंटीमीटर व्यास, ४ मिलिमीटर जाडी, सपाट तळ, बोटभर काठ आणि दोन कान. वजन पाच किलोच्या आसपास. बारा तुकड्या एका घाण्यात बसतात, तीन घाण्यांत काम होतं. तो आपटला तरी पोचा येईल, फुटणार नाही. शिवाय बांगड्यासाठी ही लांबी-रुंदी लागतेच: किलोला पाच-सहा भरणारे अख्खे बांगडे ३० सेंटीमीटरच्या तव्यावर जेमतेम तीन मावतात, शेपट्या बाहेर लोंबतात आणि शेपटीकडचा भाग कच्चा राहतो.

पोळीचा खोलगट तवा मोठा मिळाला म्हणून उचलू नका. तेल मध्ये साचतं, कडेच्या तुकड्या कोरड्या भाजल्या जातात. उलट दोष पातळ पत्र्याचा. दोन मिलिमीटरचा तवा तापला की मध्ये फुगतो, तेल काठाकडे पळतं आणि मधला रवा जळतो. दुकानात तव्याच्या तळावर स्टीलची पट्टी उभी धरून बघा. पट्टीखालून उजेड दिसला तर दुसरा तवा मागा.

नवा तवा थेट कॅम्पवर नेऊ नका. गंज येऊ नये म्हणून त्याला तेलाचा किंवा मेणाचा हात दिलेला असतो. तो साबण आणि काथ्यानं घासून काढा, तवा आचेवर पूर्ण सुकवा, मग तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवा आणि निवू द्या. असं तीन-चार वेळा करून तवा मुरवायचा. तेल जाड लावलं तर चिकट लाखेसारखा थर बसतो आणि मासा त्यालाच धरतो. शेवटच्या फेरीत अर्धा कांदा काट्याला टोचून गरम तव्यावर तेलासकट चोळा. तवा काळाभोर दिसू लागला की तयार.

आगळाबद्दल इथेच सांगायला हवं. कोकमाचं आगळ (म्हणजे रस), चिंच, लिंबू, सगळी आंबट. मॅरिनेशन ओलं-ओलं तव्यावर सांडत राहिलं तर मुरवलेला थर खरवडला जातो, तव्याला ठिगळं पडतात आणि पुढच्या घाण्याला मासा नेमका त्या ठिगळावर चिकटतो. बिडालाही हे लागू आहे. म्हणून तुकड्या मसाल्यातून काढून निथळवा, मगच रव्यात घोळवा. किलोभर माशाला १५० ग्रॅम बारीक रवा आणि ७५ ग्रॅम तांदळाचं पीठ पुरतं. घोळवून ठेवलेली तुकडी दहा मिनिटांत ओली होते, तेव्हा जेवढं तव्यावर मावेल तेवढंच घोळवायचं.

चुलीसाठी जांभ्या दगडाचे तीन चिरे छान बसतात. चिऱ्यांवर तवा ठेवून मध्ये चमचाभर तेल टाका. ते ज्या बाजूला ओघळेल त्या बाजूच्या चिऱ्याखाली वाळू सारा. तळायचं निखाऱ्यांवर, ज्वाळेवर नाही. सुरूचं वाळलेलं लाकूड अर्धा-पाऊण तास जळू द्या, निखारे तव्याच्या रुंदीइतके पसरा, तवा वीतभर वर राहू द्या. घाण्यामध्ये आच पडली तर दोन-तीन करवंट्या सरकवा: करवंटी जोरात पेटते आणि लवकर विझते, तेवढीच उसळी हवी असते. झावळी मात्र नको. ती भडकते, ज्वाळा काठावर येते आणि तेल पेट घेतं. चूल सुरूच्या झाडाखाली मांडू नका. खाली पडलेली सुकी पानं ठिणगीनं धरतात.

तीस-चाळीस माणसं आणि गाडी हाताशी असेल तर पावभाजीचा मोठा तवा बघा. मध्ये सपाट, कडेला उतार. मध्ये तळायचं, झालेल्या तुकड्या उतारावर सरकवायच्या. तिथे त्या गरम राहतात आणि जादा तेल खाली निथळतं. याला रुंद भट्टीचा बर्नर किंवा मोठी चूलच लागते. साध्या शेगडीवर तो निरुपयोगी आहे.

कढई

मांदेली आणि बोंबील यांच्यासाठी कढई. बोटभर मांदेली तव्यावर एकेक उलटत बसणं वीस जणांसाठी शक्य नाही. कढईत मूठमूठ टाकली की तीन-चार मिनिटांत कुरकुरीत निघते. सुरमई-पापलेटच्या तुकड्यांना मात्र कढई नको. त्या झाऱ्यावर येताना मोडतात.

कढईत नुकसान होतं ते गर्दीमुळे. २ लिटर तेल १८० अंशांवर असताना ३०० ग्रॅम गार मासे टाकले तर ढोबळ हिशेबानं तापमान तीस-पस्तीस अंशांनी उतरतं. हे चालतं. सहाशे ग्रॅम टाकले तर ते १३० च्या आसपास येतं, बुडबुडे मंदावतात, कवच धरतच नाही आणि मासा तेल पितो. बर्फातला मासा पंधरा मिनिटं आधी काढून फडक्यानं टिपून घेतला तर हा फटका कमी बसतो. बोंबलात तर पाणीच पाणी. उभा चिरून, काटा काढून, दोन फडक्यांमध्ये पाट्याखाली किंवा भरलेल्या डब्याखाली अर्धा तास दाबल्याशिवाय तो कोणत्याही भांड्यात नीट तळला जात नाही.

दुसरा त्रास गाळाचा. तव्यावरचा सुटा रवा दोन घाण्यांनी उलथन्यानं गोळा करून काढता येतो. कढईत तो तळाशी बसून जळत राहतो, आणि चौथ्या घाण्याला माशावर काळे ठिपके आणि कडवट चव येते. म्हणून कढईत रवा टाळा, नुसतं तांदळाचं पीठ लावा.

धातू कोणता? लोखंडी कढई आच टिकवते. जर्मनची (ॲल्युमिनियमची) हलकी असते आणि लवकर तापते, पण पातळ घेतली तर चिऱ्यांवर वाकते आणि सांडशीखाली काठ मुडपतो. जाड बुडाची जर्मनची कढई गॅसवर ठीक, चुलीवर लोखंडी. कोणतीही असो, निम्म्याहून जास्त भरू नका. वाळूवर, वाऱ्यात, अंधारात, मुलं पळत असताना २ लिटर उकळतं तेल ठेवायचंच असेल तर जागा दोरी बांधून वेगळी करा. कढईवर बसेल असं झाकण हाताशी हवं. तेल पेटलं तर झाकण घालायचं आणि गॅस बंद करायचा. पाणी कधीही नाही, ते उसळून पेटतं तेल अंगावर आणतं. तेलाचा खर्चही धरा: ३६ तुकड्या तव्यावर अर्धा-पाऊण लिटरमध्ये होतात. कढईचं दीड लिटर उरलेलं तेल तुम्हाला परत न्यायचं आहे, वाळूत ओतायचं नाही.

नॉनस्टिक आणि स्टील

नॉनस्टिक चुलीवर नेऊच नका. त्याचा थर २६० अंशांच्या वर बिघडू लागतो आणि रिकामा तवा उघड्या आगीवर ती पातळी काही मिनिटांत ओलांडतो. बेकेलाइटची मूठ आधीच जळलेली असते. पाच-सहा जण आणि गॅस एवढ्यापुरताच तो बरा, लाकडी उलथनं घेऊन. स्टीलचा पसरट पॅन घरी जमतो. कॅम्पवर आच कमीजास्त होते तेव्हा त्याच्यावर मासा सगळ्यात जास्त चिकटतो.

वारा आणि हात

किनाऱ्यावर दुपारनंतर वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो. शेगडीच्या समुद्राकडच्या बाजूला चिऱ्यांची वीत-दीड वीत उंच भिंत करा. सिलिंडर भिंतीच्या बाहेर, शेगडीपासून नळी पुरेल तेवढा लांब. चारी बाजूंनी बंद करून टाकलं तर सिलिंडर तापतो.

तुकडी किती वेळानं उलटायची याला घड्याळापेक्षा उलथनं खरं. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला उलथन्याची धार कडेखाली हलकेच सारा. तुकडी अडली तर सोडून द्या आणि मिनिटभर थांबा. कवच पूर्ण धरलं की ती आपणहून तवा सोडते. धातूचं, पातळ धारेचं, रुंद उलथनंच घ्या. जाड प्लास्टिकचं तुकडीखाली जात नाही, तुकडी ढकलतं. कान धरायला कापड जाड आणि कोरडं हवं. ओल्या फडक्यातून वाफ थेट हाताला लागते.

परत निघताना

तवा कोमट असतानाच उलथन्यानं खरवडा, राख किंवा जाडं मीठ टाकून नारळाच्या सोडणानं घासा, थोड्या गोड्या पाण्यानं धुवा. समुद्राच्या पाण्यानं धुतलेला लोखंडी तवा सकाळी लाल दिसतो. वाळूनं घासलं तर मुरवलेला थर निघून जातो. चुलीच्या उरलेल्या धगीवर पाच मिनिटं सुकवा, तेलाचा हात फिरवा, कागदात आणि मग गोणपाटात गुंडाळा. दोन बिडाचे तवे एकावर एक ठेवणार असाल तर मध्ये गोणपाटाची घडी घाला, नाहीतर गाडीच्या हादऱ्यांनी काठ उडतो.