लंडनहून परत आलो, टॅक्सचा घोळ झाला, मग या ऑफिसात गेलो (४ स्टार)

मी सहसा रिव्ह्यू लिहीत नाही पण या सीए मॅडमसाठी लिहितोय. १० जानेवारी २०२४ ला कायमचा परत आलो ठाण्याला. काका, मित्र, व्हॉट्सॲपवरचे सगळे एकच सांगत होते, अरे मार्चपर्यंत भारतात १८२ दिवस होतच नाहीत, त्या वर्षी तू एनआरआयच, बिनधास्त रहा. उत्तर बरोबर निघालं, कारण मात्र चुकीचं होतं.

मॅडम म्हणाल्या, १८२ ची सवलत तिकडून सुट्टीवर येणाऱ्याला, तुम्ही राहायला आलात, तुम्हाला ६० धरायचे. माझे ८२ भरत होते!! घामच फुटला. मग म्हणाल्या थांबा, त्याबरोबर आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ पण व्हायला लागतात, पासपोर्ट काढा, जुना पण. आणि खरंच पेन्सिल घेऊन एकेक शिक्का मोजत बसल्या, आलेला दिवस पण धरायचा, गेलेला पण. २०२१ मध्ये बाबांच्या आजारपणात पाच महिने इथे होतो, त्या वेळचा परत जातानाचा शिक्का इतका पुसट की ३ आहे का ८ तेच कळेना, शेवटी ईमेलमध्ये जुना बोर्डिंग पास शोधून दाखवला. चार वर्षांचे २१३ दिवस. सुटलो. (ब्रिटनमध्ये उलट, तिकडे रात्री बारा वाजता तुम्ही देशात होता का ते बघतात.)

खरा फायदा पुढच्या वर्षात झाला. २०२४-२५ चं रिटर्न मी एका ऑनलाइन पोर्टलवर अर्धं भरून ठेवलं होतं, त्यात मी सरळ रेसिडेंट, त्यामुळे लंडनचं बँक खातं, पेन्शन, शेअर्स सगळं शेड्यूल एफएमध्ये (परदेशातल्या मालमत्तेचा तक्ता) मागत होतं आणि तिकडच्या आयसाचं (ISA, ब्रिटनमधलं बचत खातं) व्याज पण इथल्या इन्कममध्ये धरलं होतं. आयसा तिकडे टॅक्स फ्री, आपल्याकडे त्याला काही किंमत नाही. मॅडमनी परत मोजलं. आधीच्या सात वर्षांत भारतात ७२९ किंवा कमी दिवस असले तर आरएनओआर, म्हणजे रेसिडेंट पण नॉट ऑर्डिनरिली, अशा माणसाचं बाहेरचं व्याज, डिव्हिडंड इथे लागत नाही आणि शेड्यूल एफए पण भरायचं नाही. माझे २०२४-२५ साठी ३३७, आणि २०२५-२६ साठी ६८२, म्हणजे ४७ दिवसांनी वाचलो. २०२६-२७ पासून मात्र जगभरातली सगळी कमाई दाखवायची, तोपर्यंत काय विकायचं काय ठेवायचं ते ठरवून घ्या म्हणाल्या.

एक झटका पण मिळाला. एनआरई एफडी (एनआरआय लोकांची बाहेरच्या कमाईची इथली ठेव) मी तशीच चालू ठेवली होती, म्हटलं आरएनओआर आहे ना, व्याज माफ. तर नाही! ती माफी फेमावर (परकीय चलनाचा कायदा) चालते आणि फेमात मी कायमचा परत उतरलो तेव्हाच रेसिडेंट झालो, दिवस मोजायचा प्रश्नच नाही. त्या व्याजावर टॅक्स भरला गपचूप. बँकेने काही विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं, चूक माझीच. आल्या आल्या खातं बदलून आरएफसी (परत आलेल्यांचं परकीय चलनातलं खातं) केलं असतं तर त्यातल्या डिपॉझिटचं व्याज आरएनओआर असेपर्यंत माफ होतं.

एक स्टार का कापला, तर जुलैनंतर मेसेजला चार चार दिवस रिप्लाय नाही. आणि ब्रिटनची बाजू ते करत नाहीत, पी८५ फॉर्म (देश सोडल्याचं तिकडच्या टॅक्सवाल्यांना कळवायचा) तुमचा तुम्ही भरा म्हणून सांगितलं (भरला, जानेवारीत नोकरी सोडल्यामुळे जास्त कापलेला टॅक्स परत पण आला). फी १२ हजार, आधीच स्पष्ट सांगितली होती. नौपाड्यात पार्किंग मिळणार नाही, रिक्षाने जा, आणि जुने पासपोर्ट विसरू नका, नाहीतर परत पाठवतात.