ताकाला जाऊन भांडं लपवणारी मंडळी: आठ महिने रोमान्स ॲनिमे पाहिल्यानंतर

(पुढे काही मालिकांचे शेवट उघड केले आहेत. ज्यांना चालत नाही त्यांनी इथूनच परतावं.)

आधी वेळेचा हिशोब. जपानी टीव्हीवर नव्या ॲनिमे (म्हणजे ॲनिमेशनच्या) मालिका जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये लागतात. एका तिमाहीत १२-१३ भाग बसतात, त्याला 'कूर' म्हणतात. भाग साधारण २४ मिनिटांचा, त्यात सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं दीड-दीड मिनिटाचं. गाणी वगळली की १२ भागांचा कूर सव्वाचार तासांत उरकतो. रोज एक-दोन भाग या गतीने आठ महिन्यांत बऱ्याच मालिका होतात आणि मग एक गोष्ट सतत खटकायला लागते. प्रेम जमेपर्यंत हे लोक नमनाला घडाभर तेल घालतात आणि जमलं की पडदा पाडतात.

यामागे धंद्याचं गणित आहे. बहुतेक मालिका मंगा (जपानी चित्रकथा) किंवा लाइट नॉव्हेल (तरुणांसाठीच्या सचित्र, छोट्या कादंबऱ्या) यांवरून होतात, आणि पुष्कळदा मूळ पुस्तक चालू असतानाच. मालिका आली की पुस्तकं खपतात. त्यामुळे शेवट दाखवण्याची घाई निर्मात्यांना नसते. तुम्ही दुकानात जाऊन पुढचा खंड घ्यावा, एवढंच त्यांना हवं असतं. 'निसेकोइ' हे त्याचं ठळक उदाहरण. २०१४ मध्ये २० भाग, २०१५ मध्ये १२. लहानपणी दिलेलं वचन, एक लॉकेट, किल्ली नेमकी कोणत्या मुलीकडे, या कोड्यावर ३२ भाग जातात आणि टीव्हीवर कोडं सुटतच नाही. उत्तर मंगाच्या २५ खंडांत.

उलटी चूक 'होरिमिया'ची (२०२१). मुख्य कथेचे १६ खंड १३ भागांत कोंबले. सुरुवात अप्रतिम: होरी तापाने अंथरुणात, मियामुरा शेजारी बसलेला, ती झोपली असं समजून तो हळूच सांगून टाकतो, आणि ती जागी असते. पहिल्या चार भागांतच ही कबुली होते, म्हणून आशा वाढते. पण पुढे प्रसंग तुटक येतात, बाजूची पात्रं ओळख होण्याआधीच रडायला लागतात आणि बघता बघता शाळा संपते. गाळलेले प्रसंग घेऊन २०२३ मध्ये आणखी १३ भाग काढावे लागले. नव्याने पाहणाऱ्यांनी पहिल्या हंगामाचे सहा-सात भाग झाल्यावर थांबून हे दुसरे १३ अधूनमधून मिसळावेत. जोड दिसते, पण माणसं नीट कळतात.

म्हणून मालिका निवडताना तीन गोष्टी आधी बघायच्या: मूळ कथा संपली आहे का, तिचे खंड किती, आणि मालिकेचे एकूण भाग किती. मंगाची तीन-चार प्रकरणं एका भागात, हा वेग पचतो. त्याच्या दुप्पट झाला की घिसाडघाई. 'तोरादोरा!' (२००८-०९) दहा खंडांच्या कादंबरीला २५ भाग देते आणि शेवटापर्यंत जाते. एकोणिसाव्या भागातली नाताळची रात्र अजूनही या प्रकारातल्या सर्वोत्तम वीस मिनिटांत धरावी अशी आहे. मात्र शेवटी नायिका ताइगाचं निघून जाणं आणि परत येणं इतकं झटपट उरकलंय की जेवण उत्तम आणि ताक पातळ, असं वाटतं.

'कागुया-सामा'ला (२०१९ पासून) वेगळं माप लावायला हवं. तिथे विलंब हाच विनोद. दोघं हुशार, दोघं अहंकारी, जो आधी कबूल करेल तो हरला. सिनेमाची दोन तिकिटं टेबलावर, जायचं दोघांनाही, पण विचारायचं कोणी? भागात बहुधा तीन छोटे प्रसंग आणि प्रसंग संपला की निवेदक हार-जीत जाहीर करतो. ताकाला जाऊन भांडं लपवणं याहून चांगलं कोणी दाखवलेलं नाही. रोज एकच भाग बघा. सलग पाच पाहिले की युक्त्या ओळखू येतात आणि हसू आटतं. तिसऱ्या हंगामाच्या अखेरीस (२०२२) चुंबन होतं, आणि नंतरचा गोंधळ पुढच्या चित्रपटात घेतला, हे विशेष.

आता उपशीर्षकांचं रडगाणं. 'सुकी देस'ला इंग्रजीत 'आय लव्ह यू' लिहितात आणि पात्र एकदम दोन पायऱ्या वर चढल्यासारखं वाटतं. मराठीत 'तू मला आवडतेस' म्हटलं की बरोबर तेवढंच वजन येतं. दुसरं, हाक मारणं. आडनाव आणि 'सान' (आपल्या 'जी'सारखं आदराचं शेपूट) यांवरून नुसत्या नावावर येणं ही तिकडे मोठी घटना. इंग्रजी उपशीर्षकं बऱ्याचदा पहिल्या भागापासून नावच लिहितात, मग नायिका का लाजली ते कळत नाही. आपल्याला 'तुम्ही'वरून 'तू'वर येणं ठाऊक आहे. (आपल्या मागच्या पिढीत प्रवास उलटाही व्हायचा: लग्नाआधी 'तू', नंतर 'अहो'.) उपाय एकच: डब सोडा, मूळ आवाज ठेवा आणि हाकेकडे कान द्या. कागुया तीन हंगाम नायकाला 'काइचो' म्हणजे (विद्यार्थी परिषदेचा) अध्यक्ष म्हणते आणि तो तिला आडनावाने 'शिनोमिया', हे ऐकलं की चुंबनाच्या आधीचं अंतर कळतं.

जमल्यानंतरचं आयुष्य कोण दाखवतं? 'ओरे मोनोगातारी!!' (२०१५) तिसऱ्या भागात जोडी जुळवते आणि उरलेले २१ भाग नुसतं बरोबर असणं दाखवते. मध्येच गोड होऊन दात आंबतात, पण प्रयत्न खरा. 'क्लॅनाड आफ्टर स्टोरी' (२००८-०९) त्याहून पुढे जाते: शाळा संपते, नायक विजेच्या कामावर लागतो, लग्न होतं, मूल होतं. त्यासाठी आधीचा पूर्ण हंगाम पाहावाच लागतो आणि इथलेही पहिले आठ भाग इतर पात्रांवर जातात. मधला भाग आतून हलवतो. मग शेवटी चमत्कार येऊन सगळं दुःख पुसून टाकतो. तिथे फसवल्यासारखं वाटतं. एवढं रडवलंत तर ते पेलायचंही होतं.

सध्या नवख्याला सुचवायची असेल तर 'युबिसाकी तो रेनरेन' (२०२४, १२ भाग). नायिका युकीला ऐकू येत नाही. ट्रेनमध्ये एक परदेशी माणूस तिला रस्ता विचारतो, इत्सुओमी मध्ये पडून उत्तर देतो, तिथून सुरुवात. तीन भाषा येणारा हा मुलगा तिच्यासाठी चौथी, खुणांची भाषा शिकायला लागतो. बोटांचं चित्रण काळजीपूर्वक केलंय, म्हणून मोबाईलच्या छोट्या पडद्यावर बघू नका. निम्मं संभाषण हातांत आहे. कबुलीसाठी बाराव्या भागाची वाट पाहावी लागत नाही.

आणि 'किमी नी तोदोके' ज्यांनी २०११ मध्ये दुसऱ्या हंगामानंतर सोडली होती, त्यांच्यासाठी: तिसरा हंगाम २०२४ च्या ऑगस्टमध्ये, १३ वर्षांनी, नेटफ्लिक्सवर आला. भाग पाचच, पण लांब. तो लावण्याआधी दुसऱ्या हंगामाचे शेवटचे तीन भाग तरी पुन्हा बघा, नाहीतर सावाको आणि काझेहाया एकमेकांना इतके का बिचकतात तेच आठवणार नाही.