पेटी, तबला, तंबोरा : आवाजाचा पोत तपासायला कोणतं सॉफ्टवेअर?

सोलापुरात कुणी भजनी मंडळासाठी पेटी बघत असतं, कुणी तबल्याला नवी पुडी चढवत असतं, कुणी जवारी (तारेचा झंकार) काढायला तंबोरा मिरजेला नेत असतं. आवाज कानाने तर पारखायचाच, पण कॉम्प्युटरवरही पाहायचा असेल तर ऑडॅसिटी, सॉनिक व्हिज्युअलायझर आणि मोबाईलवरचं स्पेक्ट्रॉइड हे तीन पर्याय आहेत. तिन्ही फुकट. मग निवड कशावरून करायची? तुमच्या वाद्याचा स्वर टिकून राहतो की क्षणाक्षणाला बदलतो, यावरून.

पेटीचा स्वर टिकतो, म्हणून पेटीला ऑडॅसिटी पुरे. भाता एकसारखा चालवून एक पट्टी धरा, रेकॉर्डिंगचा मधला तुकडा निवडा आणि ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ उघडा. मूळ स्वर आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर शिखरांसारखे दिसतात. एक सेटिंग मात्र बघायलाच हवं. ‘साइझ’ २०४८ असेल, तर ४४,१०० हर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये आलेखाची एक पायरी जवळपास २१.५ हर्ट्झची होते. समजा, काळी एकचे दोन नर सूर (एकाच उंचीचा स्वर देणाऱ्या पितळी पात्या) २७७ आणि २८० हर्ट्झवर आहेत. आवाज सेकंदाला तीनदा हेलकावतो, ते कानाला कळतं. आलेखात मात्र एकच शिखर. साइझ ६५,५३६ केला की पायरी सुमारे ०.७ हर्ट्झवर येते आणि दोन्ही सूर वेगळे दिसतात. त्यासाठी निदान दीड सेकंदाचा स्थिर स्वर लागतो. मी तीन-चार सेकंद घ्यायला सांगेन.

तंबोऱ्याला हा आलेख उपयोगाचा नाही. तो निवडलेल्या तुकड्याची सरासरी काढतो आणि सरासरीत जवारी हरवते. घोडीच्या रुंद, किंचित उतरत्या पृष्ठावर तार स्पर्श करत राहते, त्यामुळे एकेक उपस्वर आळीपाळीने उजळतो. हा प्रवास पाहायला वेळेचा अक्ष हवा. ऑडॅसिटीतही स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे वेळेनुसार उपस्वर रेषांत दाखवणारं चित्र, आहे, पण लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात तयार झालेलं सॉनिक व्हिज्युअलायझर खास याच कामासाठी आहे. जवारी काढण्याआधीचं आणि नंतरचं रेकॉर्डिंग त्यात एकाखाली एक लावा. तार आणि घोडीमधल्या सुताची जागा केसभर सरकली तरी चित्र बदलतं. त्यातली कोणती जवारी तुमच्या गळ्याला साथ देईल, हे मात्र गाऊनच ठरवायचं.

तबल्यासाठीही माझं मत सॉनिक व्हिज्युअलायझरलाच. तबल्यावरच्या काळ्या शाईच्या वजनामुळे चामड्याचे उपस्वर पूर्ण पटींच्या जवळ येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिलं. सगळ्या घरांत (कडेच्या वादीमधल्या भागांत) ताण सारखा नसेल तर चित्रात एका रेषेच्या जवळजवळ दोन रेषा होतात. त्या दिसल्या की हातोडी पुन्हा हातात घ्यायची.

स्पेक्ट्रॉइड दुकानात उभ्या उभ्या सूर पाहायला ठीक. पोत त्यावर ठरवू नका, कारण कित्येक फोन मागचा गोंगाट कमी करताना तंबोऱ्यासारखा अखंड आवाजही दाबतात.

सोलापूरच्या पूर्व भागात राहत असाल तर यंत्रमाग बंद असतानाच रेकॉर्डिंग करा. पंखाही बंद हवा. आणि दोन तबल्यांची तुलना एकाच वेळी, एकाच खोलीत करा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात दुपारी चामडं ताणतं आणि सूर चढतो, मग सकाळच्या रेकॉर्डिंगशी तो जुळत नाही.