मुदतीआधी पाणी गेल्यावर: एका प्रसूतिगृहातील सेवेविषयी

वहिनींचे पाणी ३२व्या आठवड्यातच जाऊ लागले, तेव्हा त्यांना आमच्या तालुक्यातील एका खासगी प्रसूतिगृहात दाखल केले. ३७ आठवड्यांआधी बाळाभोवतीची पाण्याची पिशवी फुटण्यामागे अनेकदा योनिमार्गातून वर चढलेला जिवाणूसंसर्ग असतो, आणि पिशवी फुटल्यावर तोच धोका आणखी वाढतो. त्यामुळे तपासणी किती जपून होते, यावरच मी या सेवेचे मोल ठरवले.

डॉक्टरबाईंनी बोटांनी तपासणी टाळून निर्जंतुक स्पेक्युलमने (योनिमार्ग उघडून पाहण्याच्या उपकरणाने) पाहिले, योनिस्राव व लघवी कल्चरसाठी (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी) पाठवली, एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक सुरू केले आणि बाळाची फुप्फुसे लवकर पक्व व्हावीत म्हणून डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची ६ मिलिग्रॅमची ४ इंजेक्शने १२-१२ तासांच्या अंतराने दिली. को-अमॉक्सिक्लॅव हे दुसरे प्रतिजैविक का नको, असे विचारल्यावर, त्याने नवजात बाळाच्या आतड्यांच्या गंभीर आजाराचा धोका वाढल्याचे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओरॅकल’ या औषध-चाचणीत दिसले होते, हे त्यांनी न कंटाळता समजावले. इतके सांगणारे डॉक्टर विरळाच. सिस्टरही ताप, नाडी व बाळाचे ठोके वेळच्या वेळी नोंदवत आणि पॅडवरील पाण्याचा रंग व वास स्वतः तपासत.

मात्र संसर्गाचीच धास्ती असलेल्या वॉर्डातील बेसिनवर साबण नसावा, हे अक्षम्य आहे. शिवाय येथे नवजात अतिदक्षता विभाग नाही, आणि बाळ लवकर जन्मल्यास जिल्ह्याच्या ठिकाणी हलवावे लागेल, ही गोष्ट दाखल करतानाच सांगायला हवी होती. प्रसूतिगृहाने बिल चोख दिले. कल्चरचे पैसे बाहेरच्या लॅबला वेगळे द्यावे लागतात.