वीज आल्यावर उठतो कोण? डॉकर, पोर्टेनर आणि पॉडमन : आठ महिन्यांच्या वापरानंतर

जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी आठ जीबी रॅमचा जुना संगणक डेबियन या लिनक्सवर चालतो आणि त्यावर जेलीफिन (चित्रपट-गाणी) व नेक्स्टक्लाउड (फोटो-फायली) असे दोनच कंटेनर, म्हणजे आपापल्या बंदिस्त खोक्यात चालणारे प्रोग्राम, आहेत. इन्व्हर्टरवर पंखे आहेत, संगणक नाही. त्याच्यासाठी वेगळा यूपीएस विकत घेण्याची माझी तयारी नाही. त्यामुळे माझी कसोटी एकच आहे : वीज परत आली की माणसाने हात न लावता सगळे सुरू झाले पाहिजे.

कंटेनर चालवणारा डॉकर या कसोटीला पहिल्या दिवसापासून उतरला. तरीही मी तो सोडला, कारण त्याची सेवा रूटच्या, म्हणजे संगणकाच्या सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने अखंड चालते आणि डॉकर गटात घातलेला वापरकर्ता व्यवहारात रूटच होऊन बसतो. डॉकरवर ब्राउझरमधून देखरेख करणारा पोर्टेनर दिसायला सुबक आहे; परंतु दोन कंटेनरांवर देखरेख करण्यासाठी तिसरा चोवीस तास चालवणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

डॉकरऐवजी घेतलेल्या, रूटविनाही कंटेनर चालवणाऱ्या पॉडमनने आरंभीच एक संध्याकाळ खाल्ली. क्वाडलेट, म्हणजे साध्या फायलीत लिहून कंटेनरला सिस्टिमची सेवा बनवण्याची सोय, पॉडमनच्या ४.४ आवृत्तीपासून मिळते आणि डेबियन १२ मध्ये ४.३ आहे, हे न पाहताच मी फायली लिहीत बसलो होतो. डेबियन १३ वर गेल्यावर त्याच फायली निमूट चालल्या.

मग मी पुण्यात असताना आईचा फोन आला, "अरे, गड्ड्याच्या जत्रेचे फोटो दिसेनात." घरी येऊन दोष शोधण्यासाठी लॉगिन केले, तर दोन्ही कंटेनर डोळ्यांदेखत उभे राहिले. असे तीनदा झाले आणि पॉडमन बेभरवशाचा आहे, असे मी ठरवूनही टाकले. ते मत आता मागे घेतो. रूटविना चालणाऱ्या सेवा वापरकर्त्याच्या सत्राशी बांधलेल्या असतात. म्हणजे माझे लॉगिन हाच उपाय होता आणि त्यामुळेच दोष मला कधी सापडत नव्हता. 'लॉगिनसीटीएल इनेबल-लिंगर' ही, लॉगिन नसतानाही वापरकर्त्याच्या सेवा चालू ठेवणारी, एक आज्ञा दिल्यापासून संगणक सुरू होताच कंटेनर उठतात. देखरेखीला कॉकपिट हे ब्राउझरमधले साधन ठेवले आहे, जे पान उघडल्यावरच जागे होते.

एक कुरकुर उरतेच. रूटविना १०२४ च्या खालचे पोर्ट (सेवेचा दार-क्रमांक) मिळत नाही, म्हणून आईच्या फोनमध्ये पत्त्यापुढे ८०८० लिहून द्यावे लागले. कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) ती मर्यादा एका सेटिंगने खाली आणता येते. परंतु चालत्या गाड्याला तूर्त मी हात लावलेला नाही.